रद्द झालेल्या भविष्याचे पारायण

अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीने ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथात्म मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू केली आणि ३ जून १९६९ रोजी तिचा शेवटचा नवा भाग दाखवून तिच्यावर पडदा टाकला. प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही, हे कारण होते. त्यानंतर सात आठवडेही उलटले नाहीत तोच, २० जुलै १९६९ रोजी, माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. भविष्याची कथा सांगणारी मालिका बाजाराने मोडीत काढावी आणि लगोलग त्या भविष्याचा पहिला हप्ता वर्तमानात जमा व्हावा, हा योगायोग कोणत्याही कथाकाराला भडक वाटला असता. भारतात त्या वर्षी दूरचित्रवाणी होती ती दिल्लीपुरती. जालना हे तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे आणि व्यापाराचे गाव होते. तेथे चंद्रविजय पोहोचला तो आकाशवाणीवरून आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून. रद्द झालेली मालिका पोहोचायला अजून दीड दशक लागणार होते.

या दीड दशकाच्या अंतराचा विचार मराठी समीक्षेने केलेला नाही. दूरचित्रवाणीविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते बहुधा तक्रारीच्या सुरात, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाच्या संदर्भात. विज्ञानकथेविषयी लिहिले गेले ते ‘विज्ञान किती आणि कथा किती’ या मापात. या दोहोंच्या मधे एक प्रेक्षक उभा राहिला. त्याने विज्ञानकथा वाचण्याआधी पाहिली, अर्धीमुर्धी समजून घेतली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी फितीवर वा चकतीवर ती पुन्हा पाहिली. हा प्रेक्षक समीक्षेच्या नजरेतून निसटला. त्याचे हे पुनर्दर्शन म्हणजे साहित्यव्यवहारातील कोणत्या प्रकारची कृती आहे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

मालिकेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. जीन रॉडेनबरी यांनी कल्पिलेल्या या मालिकेचा पहिला नमुनाभाग, ‘द केज’, वाहिनीने नाकारला. दुसरा नमुना मान्य झाला. दोन हंगामांनंतर मालिका बंद होण्याची चिन्हे दिसू लागताच १९६७-६८ च्या हिवाळ्यात प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रे पाठविण्याची मोहीम उघडली. बियो व जॉन ट्रिम्बल हे दांपत्य तिच्या अग्रभागी होते. मोहीम यशस्वी झाली, तिसरा हंगाम मिळाला. परंतु शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, म्हणजे जो तरुण वर्ग ही मालिका पाहत असे तो घराबाहेर असण्याची वेळ. सगळे मिळून ७९ भाग झाले. प्रत्येक भागाच्या आरंभीचे निवेदन पाच वर्षांच्या मोहिमेचे अभिवचन देत असे आणि मोहीम तीन वर्षांतच संपली! कथनाच्या दृष्टीने ही मालिका कायमची अपूर्ण आहे. पुढे चित्रपट निघाले, नव्या मालिका आल्या, पण मूळ संहितेला शेवट नाही.

तिचे खरे जीवन सुरू झाले ते बंद पडल्यानंतर. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील स्थानिक केंद्रांनी तिचे जुने भाग संध्याकाळच्या वेळी पुनःपुन्हा दाखविले आणि प्रथम प्रक्षेपणात जो प्रेक्षक मिळाला नव्हता तो पुनरावृत्तीतून मिळाला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या चाचणी-अवकाशयानाला मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले, तेही पत्रांच्या रेट्यामुळेच. त्याच कुळातील ‘चॅलेंजर’ या यानाने ऑगस्ट १९८३ मध्ये भारताचा ‘इन्सॅट-१बी’ उपग्रह अवकाशात नेला, आणि या उपग्रहाच्या व लघुशक्ती प्रक्षेपकांच्या आधारे दूरदर्शन १९८४ च्या सुमारास मराठवाड्यातल्या गावांपर्यंत पसरू लागले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास दूरदर्शनने रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखविली ती या यंत्रणेवरून. कार्यकारणाची ही साखळी फार ताणू नये. पण ती आहे, आणि ती मुख्यत्वे पत्रलेखनाची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जालना जिल्हा तोवर अस्तित्वात आला होता. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीमधून परतूर हे तालुके घेऊन तो घडविला गेला. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण व्यापारी पेठेबद्दलची. खेड्यापाड्यांत अवस्था अर्थातच निराळी होती. संच थोडे, बहुतेक कृष्णधवल, आणि संच असलेले घर रविवारी सार्वजनिक. छपरावरचा अँटेना फिरविणारा एक, खालून ‘आलं, आलं, गेलं’ सांगणारा दुसरा, मधेच वीज जाण्याची टांगती तलवार. या परिस्थितीत इंग्रजी संवादांची मालिका ‘पाहिली’ म्हणजे काय केले? शब्द बहुतांशी कळत नव्हते. कळत होते ते यान, टोकदार कानांचा स्पॉक, माणसे विरघळून दुसरीकडे प्रकट होणे. पुराणकथांतील अंतर्धान पावण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला या शेवटच्या गोष्टीचे नवल वाटले नसेल. नवल वाटले असेल ते कळ दाबून अंतर्धान पावण्याचे. प्रथमदर्शनी मालिका ग्रहण केली गेली ती अद्भुत म्हणून. विज्ञानकथा म्हणून ती हाती आली पुनर्दर्शनात, उपशीर्षकांसह, थांबवून, मागे नेऊन.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मधील आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीचे स्वरूप ‘प्रवाह’ या संकल्पनेने सांगितले. कार्यक्रम, जाहिराती, सूचना यांचे सुटे घटक प्रेक्षकाला सुटे भासत नाहीत, त्यांची एक अखंड धार वाहते. प्रवाहातील पाणी पुन्हा भेटत नाही. घरगुती व्हिडिओने या प्रवाहाला बांध घातला. मालिका कपाटात ठेवता येऊ लागली, तिला पाठपोट आले, अनुक्रमणिका आली, मधलाच भाग काढून पाहण्याची सोय आली. म्हणजे ती ग्रंथ झाली. एकोणिसाव्या शतकात मासिकांतून हप्त्याहप्त्याने येणाऱ्या कादंबरीला पुस्तकाची बांधणी मिळाल्यावर जे झाले तेच येथे झाले, एवढाच फरक की येथे बांधणी मृत्यूनंतरची आहे.

ग्रंथ झाला की पारायण आले. जालना जिल्ह्यातच, घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे, आणि दासबोधाच्या पारायणाची परंपरा या परिसराला परकी नाही. पारायणकर्त्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते. उत्कंठा हे त्याच्या वाचनाचे कारण नसते. आधुनिक समीक्षेने पुनर्वाचनाला ‘स्मरणरंजन’ म्हणून खालचे स्थान दिले, कारण तिच्या मनात आदर्श वाचन म्हणजे प्रथमवाचन असे काहीसे बसलेले आहे. आपल्या जुन्या ग्रंथव्यवहाराचे गृहीत उलटे होते: प्रथमवाचन ही केवळ पूर्वतयारी. चाहत्यांच्या पुनर्दर्शनाला भक्तीची उपमा देण्याचा मोह होतो आणि पाश्चात्त्य अभ्यासकांनी तो केलाही आहे. परंतु भक्तीपेक्षा पारायणाची उपमा अधिक काटेकोर ठरते. पारायणाला भाव लागतो की नाही हा वेगळा प्रश्न, पण क्रम आणि संपूर्णता लागतेच. मालिकेचा पुनर्दर्शी प्रेक्षकही बहुधा पहिल्या भागापासून आरंभ करतो आणि तिसऱ्या हंगामातले सर्वज्ञात फसलेले भागही टाळीत नाही.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयोगी पडते. आपण आपण राहूनच दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, या द्वंद्वात केळकरांनी वाङ्मयानंदाचे मूळ पाहिले. पुनर्दर्शनात या द्वंद्वाला तिसरे टोक फुटते. प्रेक्षक स्वतः असतो, कर्क किंवा स्पॉक असतो, आणि रविवारी सकाळी शेजारच्या घरात सतरंजीवर बसलेला, इंग्रजी न कळणारा मुलगाही असतो. आपल्याच पूर्वीच्या अज्ञानाशी तादात्म्य पावण्याचा हा प्रकार केळकरांच्या मांडणीत बसत नाही, पण तिच्याशिवाय त्याला नावही देता येत नाही. हार्लन एलिसन यांनी लिहिलेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा १९६७ मधील भाग या दृष्टीने विलक्षण आहे. भूतकाळात गेलेल्या कर्कला आपल्या प्रिय स्त्रीचा अपघाती मृत्यू आधी कळतो आणि इतिहास शाबूत राहावा म्हणून तो टाळता येत असूनही होऊ द्यावा लागतो. प्रथमदर्शनात प्रेक्षक कर्कच्या मागून चालतो. पुनर्दर्शनात दोघे एकाच जागी उभे असतात: दोघांनाही शेवट माहीत असतो आणि दोघांनाही हात लावायची मनाई असते.

याच भागाने पाठचिकित्सेचा प्रश्नही उभा केला. एलिसन यांची मूळ पटकथा निर्मात्यांनी बदलली. ते त्यांना कधीच रुचले नाही, आणि १९९६ मध्ये त्यांनी आपली संहिता स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मग प्रमाण पाठ कोणता? ‘द केज’ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. नाकारलेल्या या नमुन्यातील दृश्ये १९६६ मध्येच दुसऱ्या एका दोन भागांच्या कथेत वापरली गेली. पुढे १९८६ मध्ये तो व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा रंगीत मूळ पूर्णपणे हाती नसल्याने काही दृश्ये रंगीत व काही कृष्णधवल, अशी गोधडी प्रेक्षकांना मिळाली. पुढे गहाळ रंगीत अंश सापडल्यावर १९८८ मध्ये पूर्ण रंगीत पाठ दाखविला गेला. आणि २००६ पासून साऱ्या मालिकेचे नूतनीकरण झाले. जुन्या, हाताने केलेल्या यानदृश्यांच्या जागी संगणकावर घडविलेली नवी दृश्ये बसविण्यात आली. आज चकतीवर पाहणारा जे पाहतो ते १९६६ चे नसते, १९८५ चेही नसते.

पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ भ्रष्ट झाले म्हणून. आणि त्या पाठात पुढे कोणी आपली ओवी घुसवील तर त्याला त्यांनी दिलेली ताकीद प्रसिद्धच आहे. नूतनीकरण करणाऱ्या कंपनीचे करणे याच्या नेमके उलट: पाठ भ्रष्ट नव्हता, जुना दिसत होता. नव्या ओव्या अधिकृतपणे घालण्यात आल्या. काही संचांत जुन्या व नव्या दोन्ही दृश्यांचा पर्याय ठेवला गेला, ही त्यातली जमेची बाजू. पाठभेद तळटीपेत देण्याइतकी सभ्यता बाजाराने दाखविली, जी आपल्या कित्येक पुनर्मुद्रणांत प्रकाशकांनी दाखविलेली नाही.

पुनर्दर्शनाने अर्थ कसा बदलतो याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र तिसऱ्या हंगामातले आहे, १० जानेवारी १९६९ रोजी प्रथम दाखविल्या गेलेल्या ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’ या भागाचे. शेरॉन नावाच्या ग्रहावरचे दोघे यानावर येतात. दोघांचेही चेहरे मधोमध विभागलेले, अर्धा काळा व अर्धा पांढरा. एक राज्यसत्तेचा अधिकारी, दुसरा पळून आलेला बंडखोर; पाठलाग पन्नास हजार वर्षांचा. यानावरच्या माणसांना दोघे एकाच वंशाचे दिसतात. तेव्हा अधिकारी चकित होऊन फरक दाखवितो: आपली उजवी बाजू काळी आहे, त्याची पांढरी. कर्कला तोवर हा फरक जाणवलेलाच नसतो. अखेरीस कळते की त्यांच्या ग्रहावरचे सारे लोक या फरकापायी एकमेकांना मारून संपले आहेत; तरीही दोघे त्या ओसाड ग्रहावर एकमेकांच्या मागे धावत सुटतात.

अमेरिकी समीक्षकांनी हा भाग बटबटीत ठरविला. अमेरिकेतील वर्णभेद डोळ्यांना दिसणारा, म्हणून त्याचे चेहऱ्यावरचे रूपक त्यांना ढोबळ वाटले असावे. मराठवाड्यातून पाहिले की हे रूपक एकदम अचूक होते. येथला भेद बाहेरून आलेल्याला दिसतच नाही. रंग तोच, भाषा तीच, शिवार तेच. ज्याला तो दिसायला शिकविलेला आहे त्यालाच दिसतो, आणि त्याला तो इतका उघड वाटतो की दुसऱ्याच्या आंधळेपणाचे आश्चर्य वाटते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर या प्रदेशातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. या सोळा वर्षांच्या पोटातच दूरचित्रवाणी येथे आली. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा; त्याच्या शीर्षकातच हे सारे आहे, की भेद चेहऱ्यावर नसल्यामुळे तो लपविता येतो, आणि लपविता येतो म्हणून उघडा पडण्याचे भय असते. औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’च्या कार्याचा आरंभ १९६७ मध्ये केला, म्हणजे ‘स्टार ट्रेक’चे पहिले हंगाम अमेरिकेत चालू होते तेव्हा. हे दोन व्यवहार एकमेकांना अर्थातच अनोळखी होते. त्यांची भेट होते ती पुनर्दर्शी प्रेक्षकाच्या मनात, आणि तिथेच.

कृष्णधवल संचाची यात एक गंमत आहे. मालिकेत गणवेशाच्या रंगाला अर्थ आहे: सोनेरी, निळा, तांबडा. तांबडा अंगरखा घालून अनोळखी ग्रहावर उतरलेला बिननावाचा शिपाई बहुधा परत येत नाही, हा संकेत चाहत्यांत थट्टेचा विषय झालेला आहे. कृष्णधवल पडद्यावर हा संकेत नाहीसा होतो. कोण मरणार हे कळत नाही, आणि बिननावाचे नेहमी का मरतात हा प्रश्नही पडत नाही. तो रंगीत पुनर्दर्शनातच पडतो. शेरॉनवासीयांच्या चेहऱ्याचे मात्र कृष्णधवल पडद्यावर काहीच बिघडत नाही. तेवढाच भेद सर्व प्रकारच्या संचांवर शाबूत राहतो.

मराठी विज्ञानकथेने हा प्रांत आपला मानला नाही. ‘केरळकोकिळ’मधील चंद्रप्रवासाच्या कथेपासून भा. रा. भागवतांच्या ज्यूल व्हर्नपर्यंतचा काळ मुख्यतः अनुवाद-रूपांतरांचा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, आणि १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तिची दखल घेतली. तेथून विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाढविली. या कथेने विश्व, काळ, यंत्र, पर्यावरण यांचा वेध घेतला. पण तिच्या भविष्यकाळात जात बहुधा आपोआप नाहीशी झालेली असते, कशी ते न सांगता. विज्ञानाने ती जाईल, असा एक विश्वास त्यामागे आहे. १९६९ मधली एक फसलेली म्हणून गणलेली अमेरिकी कथा त्या विश्वासाला अधिक कठोर प्रश्न विचारते, कारण तिच्यातले लोक ताऱ्यांपर्यंत पोहोचलेले आहेत आणि तरी भेद घेऊन आलेले आहेत. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या पिढीच्या विज्ञानकथेचे मूल्यमापन आता सुरू होईल, तेव्हा या मौनाचाही हिशेब त्यात यावा लागेल.

आपल्याकडच्या दूरचित्रवाणी मालिकांची स्थिती शोचनीय आहे. १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांनी मुलांसाठी ‘इंद्रधनुष’ केली. संगणक, परग्रहवासी आणि कालप्रवास तिच्यात होते. ‘स्पेस सिटी सिग्मा’वर ‘स्टार ट्रेक’चा ठसा लपत नव्हता. १९९८ मध्ये केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ आली. या मालिका ज्यांनी पाहिल्या त्यांच्यापाशी त्यांची आठवण आहे. अभ्यासकाच्या हाती त्या संपूर्ण, क्रमवार आणि सुस्थितीत सहज येत नाहीत. ‘स्टार ट्रेक’ रद्द झाली आणि ग्रंथ झाली. या मालिका संपल्या आणि आख्यायिका झाल्या. दोष एकट्या आपला नव्हे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातील कितीतरी भाग फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले, नव्वदीच्या आसपास भागांची चित्रे आजही हरवलेली आहेत. त्यांचा ध्वनी तेवढा उरला, तोही प्रेक्षकांनी घरी बसून ध्वनिमुद्रकावर उतरवून घेतला म्हणून.

असा प्रसंग मराठी वाङ्मयाला नवा नाही. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साक्षीने जमविलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. आठवणींतून उभारलेल्या पाठांत भेद असणार हे महानुभाव पंडितांनी मान्य केले आणि भेद लपविण्याऐवजी त्यांची नावानिशी नोंद ठेवली. कोणी सांगितले, कोणी वेगळे सांगितले, हे पाठाचाच भाग झाले. ऐंशीच्या दशकातील दूरचित्रवाणीचा प्रेक्षक आता पन्नाशी-साठीत आहे. ‘इंद्रधनुष’च्या अमुक भागात काय घडले याविषयी दोघांची आठवण जुळत नाही, आणि दोघेही आपल्या डोळ्यांनी पाहिल्याची ग्वाही देतात.

घरी मुद्रित केलेल्या कॅसेटी काही कपाटांत अजून असतील. त्यांवर मालिकेबरोबर मधल्या जाहिराती असतील, निवेदिकेची दिलगिरी असेल, शेवटची दहा मिनिटे कापून त्यावर लग्नाचे चित्रण केलेले असेल. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चुंबकीय फितीला बुरशी कोकणापेक्षा कमी धरते. पण फीत वाचणारे यंत्र आता दुरुस्त करून मिळत नाही. मंठ्याकडून जिल्ह्याची हद्द ओलांडली की काही अंतरावर लोणारचे विवर आहे, आकाशातून आलेल्या पाषाणाने बसाल्टात खणलेले. तेथे काय येऊन आदळले ते संपले, राहिला तो खळगा, आणि संशोधक त्या खळग्यावरूनच त्या पाषाणाचा आकार मोजतात.